चूल, शेगडी आणि कर्जफेड : गणिताचा एक व्यवहारी पाठ

(इयत्ता ४ थी व ५ वीसाठी)

खानदेशात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचून ठेवतात. जळगाव-धुळ्याकडील कित्येक घरांत सरपणाची गरज त्यांवरच भागते. या सरपणाला रोख पैसा पडत नाही. पडतात ते श्रम, आणि चुलीपुढे बसणारीला सोसावा लागतो तो धूर. कर्जाचा हिशेब शिकविण्यास हे घरचे उदाहरण फार उपयोगी आहे.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेत गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देण्यासाठी केंद्र सरकारने १६०० रुपयांचे साहाय्य दिले. शेगडी व पहिली टाकी तेल कंपन्यांकडून कर्जाऊ घेण्याची सोय होती. कर्जाची फेड पुढील टाक्यांच्या अनुदानातून होई. अर्थात ते फिटेपर्यंत टाकी पूर्ण किमतीस पडे. १ एप्रिल २०१८ पासून ही वसुली सहा टाक्यांपुरती पुढे ढकलण्यात आली. ऑगस्ट २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात शेगडी व पहिली टाकी विनामूल्य झाली.

शिक्षकांनी फळ्यावर पुढील काल्पनिक उदाहरण मांडावे : कर्ज १५०० रुपये, दर टाकीमागे १५० रुपये अनुदान कर्जात वळते होते, तर कर्ज किती टाक्यांत फिटेल? उत्तर, १०. आता एका घरी वर्षाला ५ टाक्या लागतात, दुसऱ्या घरी एकच. पहिल्याचे कर्ज २ वर्षांत फिटेल, दुसऱ्याचे १० वर्षांत. असे का, हे मुलांनाच सांगू द्यावे.

जे घर लाकूड विकत घेत होते, त्याची रोकड वाचते व तीतून फेड होते. पऱ्हाट्या जाळणाऱ्या घरी वाचतो तो वेळ. रोकड वाचत नाही. म्हणून असे घर पुन्हा चुलीकडे वळले, तर त्यास अडाणी म्हणू नये. त्याचा हिशेब समजून घ्यावा. गोबरगॅससाठी कर्ज घेतानाही हाच विचार करावा लागतो. तेथे गोठ्यातील शेण पुरेसे आहे की नाही, हे अधिक पाहावे लागते.

शेवटी फळ्यावर दुसरा रकाना आखावा : सरपणासाठी गेलेले तास. तो भरताना एखादी मुलगी हजेरीपटावर वारंवार गैरहजर का दिसते, याचे कारण कदाचित शिक्षकांसही उमगेल.