वगाचे हक्क आणि न निघालेला चित्रपट

प्रश्न : मी लिहिलेल्या वगाचे चित्रपट हक्क तीन वर्षांपूर्वी एका निर्मात्याला लिहून दिले. चित्रपट निघालाच नाही. आता ते दुसऱ्याला देता येतील का? (एक वगलेखक, नारायणगाव, ता. जुन्नर)

उत्तर : बहुधा येतील, पण आधी करारातली मुदतीची ओळ शोधा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९(४) सांगते की, दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर हस्तांतरण आपोआप संपते. ‘पैसे मोजलेत, वग माझाच,’ असे निर्माता म्हणेल. पण मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाचच वर्षे धरतो. ‘पटकथा लिहून घेतली, हाच वापर,’ हा त्याचा दुसरा मुद्दा जड आहे. तरी रूपांतर करणे आणि चित्रपट काढणे हे वेगळे हक्क आहेत, असे माझे मत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या चित्रपट हक्कांचे भांडण नेमके ‘वापर कशाला म्हणायचे’ यावरच पेटले. २००० च्या चित्रपटानंतरचे दूरचित्रवाणीपट खरे पुढचे भाग नाहीत, म्हणून हक्क परत आले, असा खेळाची मालक कंपनी हॅस्ब्रोचा दावा; २०१३ साली कोर्टात गेलेले प्रकरण २०१५ मध्ये तडजोडीने मिटले. राहता राहिली वगाच्या जोडीची बतावणी, म्हणजे तमाशातले विनोदी संवाद : फडावर रोज बदलणारी, कुठेच न नोंदलेली. तिच्यावर हक्क सांगणे अवघड. वगाची वही मात्र जपून ठेवा, आणि निर्मात्याला आधी वकिलामार्फत नोटीस द्या.