ऑइल फिल्टरची निवड : भाच्यास पत्र

॥ श्री ॥

कामठी,
फाल्गुन शुद्ध सप्तमी

चिरंजीव बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जुनी का होईना, पण स्वतःच्या नावावर मालवाहू गाडी घेतलीस आणि ऊन तापण्यापूर्वी ती घेऊन कामठी, कन्हान, खापरखेडा या टापूत भाड्याचे काम धरण्याचा तुझा मनोदय आहे, हे वाचून समाधान वाटले. त्याच पत्रात तू विचारतोस की, दुकानदार एकाच गाडीसाठी तीन भावांचे तीन ऑइल फिल्टर पुढे मांडतो, तेव्हा त्यांतला महागडा घेण्यात काही तथ्य आहे, की आपण नुसते डब्यावरच्या नावाचे पैसे मोजतो? प्रश्न वरकरणी क्षुल्लक असला, तरी ज्याचे पोट इंजिनावर चालणार आहे त्याने तो विचारावा हेच योग्य. म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. दोन नामांकित कारखान्यांच्या, तुझ्याच इंजिनासाठी नेमलेल्या फिल्टरांत फरक असतो, पण तो थोडा. अस्सल आणि बनावट यांतला फरक मात्र इंजिनाच्या आयुष्याएवढा मोठा असतो. आणि फिल्टर कितीही उत्तम आणला, तरी तो वेळेवर बदलला नाही, नीट बसवला नाही, किंवा हवेच्या मार्गाने धूळ आत येऊ दिली, तर निवडीची सारी चिकित्सा व्यर्थ जाते.

चेंबरातले तेल पंप वर खेचतो, ते फिल्टरातून गाळून निघते आणि मगच बेअरिंगांकडे जाते. भार पडल्यावर क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये उरणारा तेलाचा पापुद्रा अवघ्या काही मायक्रॉनांचा असतो, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, एवढे ध्यानात घेतलेस म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कण तिथे काय अनर्थ करत असेल याची कल्पना येईल. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणाऱ्या गाळणीच्या मानाने ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज निम्म्याने आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे प्रयोग तेलात मुद्दाम धूळ मिसळून केलेले होते, तेव्हा तेच आकडे तुझ्या गाडीला जसेच्या तसे लागू करू नयेत; परंतु गाळणीच्या बारीकपणाला किंमत आहे, एवढा निष्कर्ष त्यातून निश्चित निघतो.

जुने लोक तुला सांगतील की, आमच्या वेळी कुठे होते फिल्टर, आणि गाड्या काय धावत नव्हत्या? त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. अमेरिकेत स्वीटलंड नावाच्या अभियंत्याने १९२३ च्या सुमारास मोटारीच्या तेलाचा फिल्टर प्रचारात आणला, त्यापूर्वीच्या गाड्या जाळीवरच भागवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विलिज जीपमध्ये सगळे तेल नव्हे, तर त्याचा थोडा हिस्साच फिल्टरातून फिरे. आणि जुन्या बुलेटमध्ये नमद्याची गाळणी असे. पण त्या काळी हजार मैलांच्या आतबाहेर तेल बदलण्याचा शिरस्ता होता आणि इंजिनाचे काम निघणे हा नित्याचा प्रकार होता, ही त्या हिशेबाची दुसरी बाजू सांगायला ते विसरतात.

आता त्या पत्र्याच्या डब्याच्या आत काय असते ते पाहा. घड्या घातलेला कागद हा त्याचा मुख्य भाग; परंतु त्याखेरीज आत एक रबरी पडदा असतो, जो इंजिन बंद झाल्यावर फिल्टरातले तेल परत खाली ओघळू देत नाही, आणि बहुधा एक स्प्रिंगची झडप असते, जी कागद तुंबला किंवा थंडीने तेल घट्ट झाले म्हणजे उघडून तेलाला वाट देते; कारण न गाळलेले तेल वाईट खरे, पण तेलच न मिळणे हे त्याहून वाईट. बनावट मालात लबाडी होते ती नेमकी इथे. कागदाच्या घड्या कमी आणि कडेला डिंक सुटलेला, रबर कडक होणारे, झडपेची स्प्रिंग इतकी लेचीपेची की झडप सदा उघडीच राहावी. बाहेरून रंग, नाव, शिक्का सर्व हुबेहूब. आणि मोबदल्यात तुझे तेल न गाळताच फिरत राहते. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन क्षणभर खडखडत असेल आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझायला वेळ लावत असेल, तर इतर कारणांबरोबर त्या रबरी पडद्याचाही संशय घ्यावा.

आणखी एक तपशील. फिल्टर आट्यांवर बसला म्हणजे तो आपल्या इंजिनाचा झाला, असे समजू नकोस. काही इंजिनांत ती झडप फिल्टरात नसून इंजिनाच्याच अंगात असते. काहींचे आटे इंचांचे, काहींचे मिलिमीटरचे, आणि पाऊण इंच व २० मिलिमीटर यांत फरक एक मिलिमीटरहूनही कमी. म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगून थांबू नये. गाडीच्या पुस्तिकेतला नंबर कागदावर उतरवून न्यावा, अधिकृत विक्रेत्याकडूनच जिन्नस घ्यावा आणि पक्के बिल मागावे. भावात पडणारी तफावत एका दिवसाच्या डिझेलइतकीही नसते; इंजिन बांधायला मात्र महिन्यांची कमाई जाते.

बसवताना स्वतः उभा राहा. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. ती तशीच राहून नवी रिंग तिच्यावर बसली, तर दाबाखाली तेल बाहेर फेकले जाते आणि काही मिनिटांत इंजिन सीझ होते. नव्या रिंगला तेलाचे बोट लावावे, रिंग टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण फेरा आवळावे. मिस्त्रीने पाना उचलला तर त्याला नम्रपणे पण निक्षून थांबवावे.

आता इथल्या मुलुखाविषयी, कारण तू येतो आहेस तो कोळशाच्या आणि राखेच्या प्रदेशात. खाणींतून कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे कोळसा नेणारे ट्रक, कन्हानची रेती, आणि मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या पाऱ्याबरोबर उडणारा फुफाटा, या सर्वांत जी वाळूची बारीक पूड असते ती सिलिंडरच्या लोखंडाहून कठीण असते. ही पूड तेलात येते ती बहुतांशी हवेबरोबर. म्हणून ऑइल फिल्टर हा शेवटचा पहारेकरी आहे, वेशीवरचा दरवान एअर फिल्टर होय. एअर फिल्टरच्या नळीला चीर आहे काय, तिची क्लिप सैल आहे काय, हे दर आठवड्यास पाहा. कागद झटकताना उलट्या बाजूने हवेचा जोरदार झोत मारून तो फाडू नकोस. माझे विचारशील तर, तीन फिल्टरांतला भेद उलगडण्यात जेवढा वेळ तू घालवलास, त्याच्या दुप्पट या नळीला दे.

शिवाय फिल्टरच्या सामर्थ्याला मर्यादा आहे. डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण त्याच्या कागदातून सहज पार होतात. तेलात मिसळलेले इंधन आणि तेलात तयार होणारे आम्ल त्याला अडवताच येत नाही. तेव्हा उत्तम फिल्टर लावला म्हणून तेलाची मुदत वाढवण्याचा मोह धरू नये. उलट इथल्या धुळीत आणि थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत पुस्तिकेने कष्टाच्या वापरासाठी दिलेली लहान मुदतच पाळावी. पण म्हणून वरचेवर नवा फिल्टर घालण्यातही शहाणपण नाही, कारण थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदाहून बारीक गाळतो.

दुकानदाराचा शब्द आणि मिस्त्रीची शिफारस, यांची खातरजमा करण्याचा एक मार्ग तुझ्या हाती आहे. काढलेला फिल्टर भंगारात टाकण्यापूर्वी कटरने उघडावा. करवतीने नव्हे, कारण तिचाच कीस आत पडून निदान चुकते. कागद ताणून उन्हात धरावा. नुसता काळा चिखल असेल तर चिंता नाही; तांबूस चमक दिसली तर बेअरिंगची, चुंबकाला कण चिकटले तर लोखंडी भागांची विचारपूस करावी. घड्या सरळ व डिंक शाबूत असेल तर त्याच कारखान्याचा पुढचा फिल्टर निःशंक घ्यावा. असे तीन-चार उघडल्यावर डब्यावरच्या नावाविषयीचा प्रश्न तू मला विचारणार नाहीस.

शेवटी नोंदीच्या शिस्तीविषयी. इथली छावणी १८२१ पासूनची, गार्ड्स रेजिमेंटचे केंद्रही इथेच. गाडीच्या देखभालीला फौजेत रोजच्या कवायतीइतकाच मान असतो. तूही एक वही ठेव : तारीख, किलोमीटर, तेल, दोन्ही फिल्टरांचे नंबर आणि उघडल्यावर काय दिसले. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर तीच वही तुझा दस्तऐवज ठरेल.

येताना गाडीची पुस्तिका आणि आधीच्या मालकाकडची बिले बरोबर आण; पहिल्याच रविवारी तेल आणि दोन्ही फिल्टर बदलून नोंदीचा आरंभ करू. ताईस व भाऊजींस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

तुझा,
मामा