स्फोट पावणारे तारे : दिसणारे तेज व खरे तेज

(इयत्ता 7 वी – सामान्य विज्ञान)

पाठाचा हेतू : दिसणारे तेज आणि खरे तेज यांतील भेद विद्यार्थ्यांस प्रयोगाने समजावून देणे.

साहित्य : पुठ्ठा, चौकटींचा कागद, मोजपट्टी, विजेरीतील उघडा लहान बल्ब.

विषयप्रवेश : तारे अविनाशी आहेत, अशी मुलांची सहज समजूत असते. वस्तुतः ताऱ्यांनाही जन्म व अंत आहेत. काहींचा अंत प्रचंड स्फोटाने होतो. पूर्वी जेथे काही दिसत नव्हते, तेथे एकाएकी तेजस्वी तारा दिसू लागतो. म्हणून त्यास ‘अतिदीप्त नवतारा’ म्हणतात. नाव नव्याचे असले, तरी घटना जुन्या ताऱ्याच्या अंताची आहे, हे प्रथम स्पष्ट करावे.

दोन उदाहरणे : इ. स. 1006 मध्ये वृक तारकासमूहात असा तारा प्रकटला. चीन, जपान, इजिप्त व स्वित्झर्लंड येथील लेखांत त्याची नोंद आहे. त्याचा प्रकाश चंद्राच्या चतुर्थांशाहून किंचित अधिक होता, असे इजिप्तमधील अली इब्न रिदवान याने नमूद केले. लेखी नोंद असलेल्या तारास्फोटांत इतका तेजस्वी दुसरा दिसलेला नाही. त्याचे अंतर सुमारे 7,000 प्रकाशवर्षे आहे.

पुढे एक हजार वर्षांनी, 2006 मध्ये, ययाती तारकासमूहाच्या दिशेस दूरच्या एका दीर्घिकेत दुसरा स्फोट आढळला. ऐन भरात त्याचे तेज सुमारे 50 अब्ज सूर्यांएवढे, म्हणजे 1006 च्या ताऱ्याच्या सुमारे दहापट होते. तरीही तो नुसत्या डोळ्यांस दिसला नाही. कारण त्याचे अंतर सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षे, म्हणजे पहिल्याच्या सुमारे 34 हजार पट आहे.

प्रयोग : पुठ्ठ्यास कागदावरील एका चौकटीएवढे चौकोनी भोक पाडावे. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठा बल्बपासून 20 सेंटिमीटरवर उभा धरावा. कागद बल्बपासून 40 सेंटिमीटरवर धरला, तर प्रकाश सुमारे 4 चौकटींवर पसरतो. 60 सेंटिमीटरवर सुमारे 9 चौकटींवर. प्रकाश तेवढाच, परंतु वाटेकरी वाढले. अंतर दुप्पट होताच तेज चौथाई, तिप्पट होताच नवमांश, हा नियम मुलांकडूनच वदवून घ्यावा. हातातील पणती गावाबाहेरच्या मोठ्या दिव्याहून तेजस्वी का भासते, हे मग त्यांस सांगावे लागत नाही.

स्फोटाची कारणे : सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यातील इंधन संपले, की त्याचा गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो व बाह्य थर उधळले जातात. वृषभ राशीत 1054 मध्ये दिसलेला स्फोट या प्रकारचा होय. दुसऱ्या प्रकारात, जोडीने असलेला श्वेत बटू तारा पेट घेऊन समूळ उधळतो. 1006 चा तारा या प्रकारचा. रक्तातील लोह अशाच प्राचीन स्फोटांतून विश्वात विखुरले गेले. सूर्याचे वस्तुमान अल्प असल्यामुळे त्याचा असा स्फोट होणार नाही, हेही आवर्जून सांगावे.

शिक्षकांसाठी सूचना : नवा तारा दिसणे हे अरिष्टाचे चिन्ह मानले जाई. 1572 मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात तारा प्रकटला, तेव्हा टायको ब्राहे याने घाबरून न जाता मोजमाप केले आणि तो चंद्राच्याही पलीकडे आहे, असे दाखवून दिले. आकाश अपरिवर्तनीय आहे, या दृढ मताला त्यामुळे धक्का बसला. 2015 मध्ये 570 अब्ज सूर्यांएवढे तेज आढळले. परंतु तो तारास्फोट, की कृष्णविवराने फाडलेला तारा, याविषयी मतभेद आहेत. जे अनिश्चित आहे, ते अनिश्चित म्हणूनच शिकवावे. भीतीच्या जागी मोजण्याची सवय लागली, तर पाठ सफल झाला असे समजावे.

उजळणीचे प्रश्न :
1. ‘नवतारा’ हे नाव फसवे का आहे?
2. अंतर चौपट झाल्यास तेज किती उरेल?
3. 2006 चा स्फोट अधिक बलवान असूनही नुसत्या डोळ्यांस का दिसला नाही?