देवघराच्या पायरीवरचं नेट

आमच्या वाईच्या घरात लॅपटॉप घेऊन बसायची जागा दोन वर्षं ठरलेली होती. देवघराच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, स्क्रीन जरा डावीकडे वळवून. तिथं नेट यायचं. उठून माजघरात गेलं की वायफायच्या रेघांतली एक उरायची, कधी तीही नाही. आणि प्लग होता माजघरातच. जिथं नेट तिथं वीज नाही, वीज तिथं नेट नाही, आणि मधला पूल म्हणजे बॅटरी, ती पंचवीस मिनिटांची. तेवढ्यात उरकेल ते काम करायचं, मग माजघरात येऊन चार्जिंग होईपर्यंत हात चोळत बसायचं. सासूबाई म्हणायच्या, "देवापुढं इतका वेळ मी तरी बसले का गं कधी?"

मी मुद्रितशोधनाची कामं घरी घेते. प्रुफं मेलवर येतात, आणि एखादं नाव, एखादं साल तपासायचं तर मराठी विश्वकोश उघडावा लागतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या गावात बसून हा कोश उभा केला, 1976 साली ज्याचा पहिला खंड निघाला, त्याच गावात मला त्याचं एक पान उघडायला पाच मिनिटं लागत. विश्वकोशाचं कार्यालय घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. छापील खंड पाहून परत आले असते तरी फार बिघडलं नसतं.

लॅपटॉप 2012 चा, मुलानं वापरून माझ्याकडे दिलेला. तो भंगारात काढावा असं मला वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. कीबोर्ड उत्तम आहे, पडदा डोळ्यांना सोसतो, आणि माझं काम अक्षरांचं. पण दुखणं कुठं आहे हे न बघता मी औषधं घेत सुटले, आणि ती सगळी चुकीची निघाली.

पहिलं औषध: नेटचा मोठा प्लॅन. 50 एमबीपीएसचा 100 केला. फरक शून्य. फरक पडणार तरी कसा? माझ्या लॅपटॉपातलं वायफाय कार्ड एका अँटेनाचं, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारं. साध्या 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याची मजल कागदावर 72, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेशीपर्यंत चौपदरी रस्ता आला म्हणून आमच्या बोळातून ट्रक जात नाही.

दुसरं औषध: रिपीटर. तो मी माजघरात लावला, कारण नेट तिथं हवं होतं. चूक तीच. रिपीटर स्वतः काही निर्माण करत नाही, जे ऐकू येतं तेच पुढे ओरडून सांगतो. त्यालाच अर्धवट ऐकू येत असेल तर तो अर्धवटच सांगणार. तो लावायचा असतो राउटर आणि माजघर यांच्या मध्ये, जिथं सिग्नल अजून धड आहे तिथं. शिवाय ऐकणं आणि सांगणं एकाच लहरीवर चालत असेल तर वेग निम्म्यावर येतो, हेही मला नंतर कळलं.

तिसऱ्या औषधाची आठवण मात्र अजून खुपते. निम्म्या किमतीत मिळाली म्हणून मागवलेली बॅटरी. वेष्टन चकचकीत, वर लिहिलेलं सगळं जुन्या बॅटरीसारखंच. पहिला आठवडा बरा गेला. मग एका रात्री 38 टक्के दाखवत असताना लॅपटॉप फट्‌कन बंद पडला आणि दोन तासांच्या दुरुस्त्या गेल्या. पुन्हा तेच, 41 टक्क्यांवर. बॅटरी गरमही व्हायची. रागाच्या भरात मी दोन्ही बॅटऱ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या: जुनी 320 ग्रॅम, नवी 250. असल्या बॅटरीच्या आत बोटाएवढे गोल सेल असतात, 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, माझ्या बॅटरीत सहा. चांगला सेल एकेक 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. सत्तर ग्रॅम कुठं गेले ते वेष्टन सांगत नव्हतं. वजन हा काही पुरावा नव्हे, पण पोटात काय भरलंय याची शंका घ्यायला पुरेसं आहे.

शेवटी शेजारच्या आळीतला एक मुलगा आला. पुण्यात नोकरी करतो, सुटीला आला होता. त्यानं आल्या आल्या स्क्रू काढले नाहीत. म्हणाला, "काकू, आधी लॅपटॉप राउटरपाशी नेऊन ठेवू. नेट कुठं मरतंय ते तरी कळू दे."

हीच चाचणी मी दोन वर्षांपूर्वी करायला हवी होती. राउटरपासून दोन हातांवर मोबाइलला सगळ्या रेघा, लॅपटॉपला दोन. मध्ये भिंत नाही, काही नाही. म्हणजे दोष लॅपटॉपचाही होता. तुम्हीही इथूनच सुरुवात करा, फुकट आहे. राउटरजवळ दोन्ही यंत्रं ठीक चालत असतील तर लॅपटॉप उघडू नका, दोष घराच्या रचनेत शोधा.

त्यानं बॅटरी काढली, मागचं झाकण उघडलं आणि हसला. वायफाय कार्डापाशी एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक तारा येतात. माझ्या कार्डाला त्यातली काळी लागते. ती सुटून लोंबत होती. पंखा साफ करायला मी लॅपटॉप एका दुकानात दिला होता, तेव्हा कार्ड काढलं असणार आणि तार परत बसवायची राहिली. टाचणीच्या डोक्याएवढी टिकली, अंगठ्यानं दाबली की टक्‌ आवाज होऊन बसते. या तारा बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जातात, अँटेना तिथं असते. स्क्रीन डावीकडे वळवली की नेट का सुधारायचं, त्या कोड्याचा उलगडाही बहुधा त्या लोंबत्या तारेतच होता. लॅपटॉप दुरुस्तीला देताना आता मी आधी आणि नंतर सिग्नलचा फोटो काढते. जुन्या लॅपटॉपात बिजागरीपाशी घासून तार तुटलेलीही असते. मग अंतर्गत खटाटोपापेक्षा बाहेरून लावायचा यूएसबी अँटेनावाला डोंगल स्वस्त पडतो. जाड भिंतींच्या घरात तो 2.4 गिगाहर्ट्झचाच घ्यावा, 5 चा वेग मोठा पण भिंतीपुढं तो लवकर हात टेकतो. आणि तो निळ्या यूएसबी 3 च्या तोंडाला, चालू हार्डडिस्कच्या शेजारी लावू नका. त्या तोंडांचा आणि तारांचा गोंगाट नेमका 2.4 च्या आसपास असतो.

आता भिंती. वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं, वर पांढऱ्या मातीची दीड हात जाड भिंत. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही भिंत वायफायची वैरीण, आणि पावसाळ्यात ओल धरली की जास्तच, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं. श्रावणात माझं नेट का रुसतं हे मला तोवर कळलं नव्हतं. त्यात राउटर कुठं होता? सोप्यातल्या कोनाड्यात. बसवणाऱ्याला खिळा ठोकायचा कंटाळा, मला तो कोनाड्यात शोभून दिसला. कोनाडा पणतीसाठी असतो. पणती कोनाड्यात ठेवली की उजेड समोरच पडतो, मागच्या खोलीत अंधारच. राउटर तुळईला टांगला आणि माजघरात दोन रेघा वाढल्या. खर्च: एक खिळा आणि शिडी धरायला सासूबाई.

आळीत घरं खेटून, प्रत्येकाचा राउटर. 2.4 मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. आमच्याकडे सगळे 6 वर गर्दी करून होते, मी 11 वर गेले.

बॅटरीचं दुखणं वायफायपासून वेगळं धरू नका. लॅपटॉप बॅटरीवर आला की विंडोज वायफाय कार्डाला काटकसर करायला लावतं, कार्ड मधे मधे डुलक्या घेतं, आणि सिग्नल आधीच कमजोर असेल तर नेट तुटतं. पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरची ही काटकसर बंद करता येते. उलट बाजूनं, सिग्नल कमजोर असला की तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते, कार्ड जास्त वेळ जागं राहतं आणि बॅटरी खातं. सगळ्यात जास्त खाते ती मात्र स्क्रीनच. उजेड निम्मा करा, एवढ्यानं फरक दिसतो.

बॅटरी मेली आहे की नुसती थकली आहे हे विंडोज स्वतः लिहून देतं. विंडोज 8 पासून पुढे कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे सारं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. जो अहवाल येतो त्यात दोन आकडे पाहायचे: बनवताना क्षमता किती होती आणि आज भरते किती. माझ्या जुन्या बॅटरीत मूळ 47,520 मिलिवॉट-तास, आज 8,910. पाचवा हिस्साही नाही. सेटिंग कितीही बदलली तरी हे परत येत नाही. मूळच्या निम्म्याच्या वर असेल तर थांबा, खाली असेल तर नवी बघा.

नवी घेताना तीन गोष्टी सांगते. बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवा, लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. बनवल्याची तारीख पाहा, कारण लिथियमची बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. दहा वर्षांपूर्वी उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची "ओरिजिनल" म्हणजे बहुधा तितकीच जुनी. आणि बिल घ्याच. मी वर्षाच्या आतली, नावाजलेल्या कंपनीची जुळणारी घेतली. दोन तास चालते. सेल बदलून देणारेही भेटतात, मी त्या वाटेला गेले नाही. डाग देताना सेल तापवला की काय होईल ते सांगता येत नाही, आणि घर लाकडाचं आहे.

पातळ लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्यांच्यातली बॅटरी चपट्या पिशवीची असते आणि ती फुगते. माउसचा पॅड वर उचलला गेला, झाकण बसेना, की चार्जिंग ताबडतोब बंद. दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे, म्हणून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. माझ्या दोन्ही बॅटऱ्या त्या मुलाबरोबरच पुण्याला गेल्या.

एवढं झाल्यावर मी एक काम केलं, ते खरं तर पहिल्याच दिवशी करता आलं असतं. वीस मीटर लॅन केबल आणून माळ्यावरून माजघरात घेतली. नव्या चपट्या लॅपटॉपांना तिचं तोंडच नसतं, जुन्यांना असतं. केबलला भिंत, ओल, शेजाऱ्याचा चॅनेल कशाचंच सोयरसुतक नाही. राउटरला एक छोटा 12 व्होल्टचा यूपीएस लावला, त्यामुळे लाईट गेली तरी नेट जात नाही. वायफाय आता मोबाइलपुरतं.

दीड महिना छान गेला. मग एका सकाळी नेट बंद. राउटर ठीक, लॅपटॉप ठीक. शिकलेली चाचणी केली, दोन्ही टोकं तपासली आणि माळ्यावर चढले. आढ्याजवळ केबल उंदरानं कुरतडलेली. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं तर खालून सासूबाई ओरडल्या, "ढोल्या गणपतीच्या गावात राहतेस, त्याच्या वाहनाला बोलू नकोस." दुसरी केबल पीव्हीसी पाइपातून नेली. तुमचाही वाडा असेल तर पाइप आधीच आणा, मीटरला पंधरा-वीस रुपये पडतात.