जुनी व्हीएमसी घ्यावी का? सातवीच्या वर्गातलं एक खरं गणित



नफा-तोट्याच्या धड्यात दुकानदार पेन घेतो आणि विकतो. दोन्ही किमती दिलेल्या असतात, वजाबाकी केली की झालं. घरात असं गणित क्वचितच येतं. तिथे खरेदीची किंमत तेवढी कळते, बाकीचं शोधावं लागतं. आमची शाळा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीजवळ आहे, आणि वर्गातल्या एका मुलीचे वडील स्वतःचं जॉबवर्क सुरू करायला जुनी सीएनसी मिलिंग मशीन बघत आहेत. त्यांना विचारून, आकडे बदलून आणि सोपे करून मी हा प्रश्न वर्गात घेतला. तुम्हीही घेऊन बघा.

आधी मशीनची ओळख. आमच्याकडे नुसतं ‘सीएनसी’ म्हटलं की बहुतेकांना लेथ वाटतो. लेथमध्ये जॉब फिरतो. मिलिंगमध्ये जॉब टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि कटर फिरतो. त्यातल्या उभ्या स्पिंडलच्या मशीनला सगळे ‘व्हीएमसी’ म्हणतात. टेबल डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे सरकतं, स्पिंडल वर-खाली होतं. एक्स, वाय, झेड हे तीन अक्ष मुलांना इथे डोळ्यांनी दिसतात.

आता गणित. मशीनची किंमत ९ लाख. क्रेन, वाहतूक, फाउंडेशन, लेव्हल आणि किरकोळ दुरुस्ती मिळून दीड लाख. त्यातले ८ लाख कर्ज, महिन्याचा हप्ता २२ हजार धरला. (सातवीला सरळव्याज आहे, हप्त्याचं सूत्र नाही, म्हणून हप्ता तयार दिला. जीएसटीही बाजूला ठेवला.) ऑपरेटरचा पगार २० हजार, गाळ्याचं भाडं ८ हजार, देखभालीसाठी ६ हजार. वीज आणि टूल्स मिळून १२-१२ हजार असं मी फळ्यावर लिहिलं, तर एका मुलीने लगेच विचारलं, “बाई, मशीन बंद असली तर वीज कशी जळेल?”

हाच धड्याचा गाभा. काही खर्च मशीन चालो वा न चालो होतातच. ते ५६ हजार झाले. काही खर्च मशीन चालली तरच होतात. ते आम्ही तासाला १०० रुपये धरले. जॉबवर्कचा दर तासाला ३५० धरला, म्हणजे एका तासामागे हातात २५० राहतात. ५६,००० भागिले २५० बरोबर २२४ तास. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे रोज साधारण साडेआठ तासांपेक्षा थोडं जास्त. आठ तासांच्या पाळीत हे बसत नाही, आणि जॉब बांधणं, सेटिंग करणं, चहा यात जाणारा वेळ तर अजून धरलेलाच नाही!

मग नवीन मशीन घ्यावी? हप्ता ५४ हजार आणि देखभाल २ हजार धरून बघितलं. पगार-भाड्यासह ८४ हजार झाले, म्हणजे ३३६ तास, रोज जवळजवळ १३. एका माणसाला हे जमणार नाही. दुसरा ऑपरेटर घेतला तर पुन्हा २० हजार वाढतात आणि तास होतात ४१६, रोज १६. दोन पूर्ण पाळ्यांचं काम हातात असेल तरच नवीन मशीन निव्वळ खर्च भरून काढते.

“बाबा स्वतःच मशीन चालवतील की,” असं मुलांनी सुचवलं. पगार वजा केल्यावर ३६ हजार उरले, म्हणजे १४४ तास, रोज साडेपाच. सगळे खूश. मग मी विचारलं, बाबा आत्ता नोकरीत पगार घेतात, तो कुठे गेला? वर्ग दोन तट पडून भांडला. शेतमालाच्या खर्चातही हाच प्रश्न असतो. हमीभावासाठी सरकार जो ‘ए२ अधिक एफएल’ खर्च काढतं, त्यातल्या एफएलचा अर्थ घरच्या माणसांची मजुरी. ती धरली जाते. माझ्या मते इथेही धरावी. नाहीतर घर चालतं कशावर, हे गणितात दिसतच नाही.

शेवटचं उदाहरण मशीन बिघडल्याचं. दहा दिवस बंद राहिली, १६ दिवस उरले. ऑपरेटर ठेवला असेल तर २२४ भागिले १६, रोज १४ तास. म्हणून जुन्या मशीनची किंमत घासण्यापेक्षा तिची तब्येत तपासण्यावर वेळ घालवावा. हा भाग वडिलांनीच वर्गात येऊन समजावला.

हातपंपाचा दांडा ढिला झाला की दिशा बदलताना थोडा रिकामाच हलतो. मशीनच्या बॉलस्क्रूत झीज झाली की तसंच होतं. त्याला ‘प्ले’ किंवा ‘बॅकलॅश’ म्हणतात. डायल लावून टेबल आधी एका दिशेने हलवायचं, मग उलट. कंट्रोलवर ०.१० मिमी सरकलं आणि डायल ०.०७ दाखवत असेल तर ३० मायक्रोन हवेत गेले. (गवंड्याचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३१७५ मायक्रोन. मुलं या तुलनेवर बराच वेळ रेंगाळली.) कंट्रोलमध्ये आकडा भरून प्ले झाकता येतो, पण झीज सगळीकडे सारखी नसते. टेबल जिथे जास्त चालतं तिथे जास्त, बहुधा मधोमध. म्हणून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असं तीन ठिकाणी मापायचं.

याहून सोपं म्हणजे मशीनवर एक वर्तुळ कापायला सांगायचं. वर्तुळ फिरताना वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार जागी एकेक अक्ष दिशा बदलतो. प्ले असेल तर तिथेच बारीक पायरी उमटते. मुलांना हे वहीवर काढू द्या: आलेख कागदावर वर्तुळ, त्यावर चार ठिपके, प्रत्येक ठिपक्यापाशी कोणता अक्ष थांबून उलटा फिरतो ते लिहायचं.

आणखी एक आमच्या भागाचं. कोल्हापूरकडे फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे मशीनवर बिडाच्या कास्टिंगचं काम जास्त. बिडाची बारीक काळी पूड घासणीच्या कागदासारखी असते, कव्हर फाटलं असेल तर ती गाईडवेत जाते. म्हणून आधी त्या मशीनवर काय कापायचे, हे मालकाला नाही, तिथल्या ऑपरेटरला विचारा.

बाकी नेहमीचंच. मशीन जोडून, चालू करून बघा. स्पिंडल अर्धा तास फिरवून आवाज आणि गरमपणा तपासा. बरेच दिवस बंद असेल तर पॅरामीटरचा बॅकअप आहे का विचारा, कारण अनेक कंट्रोलची मेमरी बॅटरीवर टिकते. बिल कोणाच्या नावावर, बँकेचा बोजा उतरलाय का, आपल्या गाळ्याचा वीजभार पुरतो का, हेही बघा.

दोन तासिका पुरतील. तुमच्या गावात व्हीएमसी नसेल तर मळणी यंत्र, पिठाची गिरणी, पिको-फॉलची मशीन काहीही घ्या. दर मात्र मुलांना स्वतः विचारून आणू द्या. आमच्या वर्गात ३५० ऐवजी कोणी ३०० आणले, कोणी ४२०, आणि प्रत्येक दराला तास पुन्हा काढावे लागले.