मातीकाम कर, पण गोळ्या सोडू नकोस

चि. मनू,

काल वहिनीचा फोन आला होता. तुझ्या मगांचं कौतुक करता करता मध्येच म्हणाली, ‘आता तिला गोळ्यांची गरज नाही म्हणते, मातीकाम आहे ना!’ तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. खरं आहे का हे? डॉक्टरांना विचारून बंद केल्यास की आपल्या मनानेच?

तुझ्या मातीशी माझं वाकडं नाही. बाल्कनीत चाक ठेवण्यावरून दादा कुरकुरत होता तेव्हा त्याच्याशी मीच भांडले होते. दिवाळीत तुला काम करताना पाहिलंय मी. गोळा चाकाच्या मध्यावर येईपर्यंत दोन्ही कोपरं मांड्यांना टेकवून बसली होतीस. फोन वाजत होता, पण हात चिखलाने भरलेले, घेणार कशी? जरा घाई झाली की काठ वाकडा, म्हणून श्वाससुद्धा जपून. तेवढा वेळ डोक्यातलं ऑफिस गप्प बसत असणार. आणि बिघडलंच तर गोळा मोडून पुन्हा मळायला घ्यायचा, कुणी जाब विचारत नाही. तुझे खांदे इतके सैल मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

तू पाठवलेला तो अभ्यासही वाचला. २०१६ सालचा, अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल यांचा. ४५ मिनिटं माती, रंग, कागद यांत रमल्यावर सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. पण मनू, नीट वाच. ती ३९ माणसं निरोगी होती, आणि मोजलं ते त्या ४५ मिनिटांच्या आधी आणि नंतर. डिप्रेशनच्या गोळ्या सोडा असं त्यात कुठे आहे?

अजयच्या बाळंतपणानंतर मला काय झालं होतं ते आपल्या घरात कुणी काढत नाही. झोप गेली, बाळाकडे बघवेना. जो तो म्हणे, कशात तरी मन रमव. मी स्वेटर विणले, ढिगाने विणले. हात गुंतायचे, पण पहाटे तीनला छातीत धडधड व्हायची ती व्हायचीच. डॉक्टरकडे न्यावं हे कुणाला सुचलं नाही, आणि मलाही तोंड उघडून म्हणता आलं नाही. अजयचं पहिलं पाऊल मला आठवत नाही, मनू. ती रुखरुख अजून जात नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा तेच विचारते, गोळ्या घेतेस ना? एकदम सोडल्या की गरगरतं, झोप उडते, चिडचिड होते, आजार उलटूही शकतो. थांबवायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. मगाला कान जोडल्यावर तू त्यावर प्लॅस्टिक झाकून ठेवतेस, भरकन वाळला तर तडकतो म्हणून. तेवढा धीर स्वतःसाठीही धर.

आणि हो, वाळलेल्या मातीची धूळ केरसुणीने झाडू नकोस, फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पूस.

फार बोलले का ग? तुला बरं वाटतंय हे ऐकून खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. घाबरले. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर मला उठव, कितीही वाजू देत. माझा फोन लागला नाही तर १४४१६ लाव, सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

शुक्रवारच्या गाडीने मी येतेच आहे. डॉक्टरांकडे बरोबर येईन, तुला नको असेल तर बाहेर बसेन. माझ्याशी काही बोललंच पाहिजे असंही नाही. मेतकूट केलंय, ते आणते. स्टेशनवर दादाला पाठवू नकोस, त्याचा गुडघा दुखतोय. तूच ये.

तुझी,
आत्या