पडलेल्या सत्तेचे उलेमा आणि आपल्या न्यायाची कसोटी

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना बजावले आहे की, अविश्वासू माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करावी. अन्यथा अजाणतेपणी कुणावर अन्याय होईल आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागेल. सत्ता कोसळते तेव्हा या आज्ञेची खरी कसोटी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यातील आणि त्याच वर्षी डिसेंबरात दमास्कसमधील राजवट कोसळली. जुन्या राज्यकर्त्यांच्या जवळचे म्हणून ओळखले जाणारे इमाम, खतीब आणि मुफ्ती यांच्याकडे लगेच बोटे वळली. काहींनी मशीद सोडली, काहींनी देश सोडला. त्यांपैकी कुणी जुलमाचे समर्थन केले, कुणी भयाने गप्प बसले आणि कुणावर निव्वळ अफवेने डाग लागला, हे दुरून ठरवता येत नाही.

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे असे मानू नका. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आपल्या किनारपट्टीत जमातीचे कारभारी बदलतात, तेव्हा लहान प्रमाणात हेच घडू शकते. जुन्या मुतवल्लींनी नेमलेले पेशइमाम एका रात्रीत ‘त्यांचे माणूस’ ठरतात. मुंबईच्या जमातीत आणि आखातातल्या मुलांच्या फोनवर त्यांच्याविषयीची चर्चा आधी पोहोचते; त्यांना स्वतःला मात्र कुणी काही विचारलेले नसते. म्हणून शरीअतने या बाबतीत कोणती शिकवण दिली आहे, ते नीट समजून घेऊ या.

हजरत हातिब (रजि.) यांचा प्रसंग

हिजरी सन 8 मध्ये मक्केवर जाण्याची तयारी गुप्तपणे चालू होती. त्या वेळी हजरत हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांनी कुरैशला सावध करणारे पत्र एका स्त्रीच्या हाती पाठवले. अल्लाहने प्रेषित (स.) यांना ही गोष्ट कळवली. त्यांनी हजरत अली (रजि.) आणि त्यांच्या सोबत्यांना पाठवून वाटेतच ते पत्र हस्तगत केले. पुरावा हाती होता आणि गुन्हा युद्धकाळातील होता. तरीही प्रेषित (स.) यांनी प्रथम हातिब (रजि.) यांना बोलावून, हे का केले, असे विचारले. त्यांनी सांगितले की, आपण धर्म सोडलेला नाही. मक्केत आपल्या मुलाबाळांना आधार देणारे आपले कुळ नाही, म्हणून कुरैशवर उपकार करून त्यांचे रक्षण व्हावे एवढाच हेतू होता. प्रेषित (स.) यांनी ते खरे बोलत असल्याचे मान्य केले. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना ठार करण्याची अनुमती मागितली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी हातिब (रजि.) बद्रच्या लढाईत सहभागी होते याची आठवण दिली. ते ऐकून उमर (रजि.) यांचे डोळे पाणावले.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या या प्रसंगाचा क्रम लक्षात घ्या. आधी पत्र अडवून हानी रोखली गेली. मग आरोपीचे म्हणणे ऐकले गेले. त्यानंतर हेतू तपासला गेला आणि शेवटी त्याची पूर्वीची सेवा तोलली गेली. कृत्याला चूकच म्हटले गेले. सूरह अल्-मुम्तहिनाच्या आरंभी याच प्रकाराविरुद्ध ताकीद आली. पण तेथेही संबोधन श्रद्धावंतांनाच उद्देशून आहे. चुकीमुळे माणूस उम्मतीबाहेर काढला गेला नाही.

1857 नंतरचे हद्दपार उलेमा

आपल्या देशाच्या इतिहासात उलेमांवर हाच आरोप दुसऱ्या बाजूने आला. सप्टेंबर 1857 मध्ये दिल्ली पडली आणि बहादूरशहा जफर यांच्या सत्तेशी ज्यांचा संबंध आला, ते सारे इंग्रजांच्या लेखी गुन्हेगार ठरले. अलाहाबादचे मौलाना लियाकत अली अनेक वर्षांनी मुंबईत पकडले गेले आणि अंदमानात वारले. मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांची मालमत्ता लिलावात गेली; त्यांनी मक्का गाठून मदरसा सौलतिया उभारला. मुफ्ती इनायत अहमद काकोरवी यांनी अंदमानच्या बंदिवासात ‘इल्मुस्सीगा’ हा व्याकरणग्रंथ लिहिला. आजही मदरशांतील विद्यार्थी तो शिकतात. सुटकेनंतर 1863 मध्ये हजला जाताना त्यांचे जहाज बुडाले. समुद्रावर पोट असलेल्या आपल्या घरांना या मृत्यूचे दुःख वेगळे सांगायला नको.

मौलाना फज्ले हक खैराबादी यांचे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. जानेवारी 1859 मध्ये त्यांना अटक झाली, लखनौत खटला चालला आणि जन्मठेप काळेपाणी व मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. ऑगस्ट 1861 मध्ये ते अंदमानातच अल्लाहला प्यारे झाले. दिल्लीच्या जिहादच्या फतव्यावर त्यांची सही होती की नाही, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. न्यायालयात त्यांनी सारे अभिमानाने कबूल केले, असे एक कथन सांगते. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची कृत्ये आपल्यावर लादली गेली, असे त्यांनी अर्जात मांडल्याचे दुसरे कथन सांगते. यातून दोन धडे मिळतात. जिंकणाऱ्याचा निकाल म्हणजे सत्य नव्हे. आणि आपल्या आदरापोटी आपण रचलेली कथा म्हणजेही पुरावा नव्हे. शहानिशेची आज्ञा शत्रूइतकीच प्रशंसकालाही लागू आहे.

आपल्यासाठी बोध

पहिली गोष्ट, सत्तेशी जवळीक आणि जुलमात सहभाग या एक नाहीत. पगार घेणे, सभेत दुआ करणे, भीतीने मौन राखणे आणि निरपराधाच्या छळाला धर्माचा आधार देणे, यांची पापे सारखी नाहीत. त्यांना एकाच मापाने मोजणे हाच अन्याय होय.

दुसरी गोष्ट, क्षमेच्या नावाखाली पीडितांचा हक्क बुडवता येत नाही. ज्याच्या शब्दाने कुणाचे रक्त सांडले किंवा माल लुटला गेला, त्याने न्यायासमोर उभे राहिलेच पाहिजे. मात्र तो न्याय साक्षीपुराव्याने व्हावा; नमाजनंतर अंगणात जमलेल्या घोळक्याने नव्हे.

तिसरी गोष्ट, शिक्षा दोषापुरतीच असावी. इमामांना हुजरा रिकामा करायला सांगताना त्यांची थकलेली तनख्वाह चुकवली का, मकतबात शिकणाऱ्या त्यांच्या मुलांचे काय होईल, हे जमातीने विचारायला हवे. एकाचे ओझे दुसऱ्यावर लादू नये, ही कुरआनची शिकवण आहे.

आणि शेवटी उलेमांनीही जाणावे की, सत्ताधाऱ्याचा दरवाजा ही मोठी परीक्षा आहे. तो देशाचा शासक असो की गावचा मुतवल्ली.

पुढच्या जुम्याला आपल्या मशिदीत अशी चर्चा निघाली, तर एवढेच विचारा: “त्यांचे म्हणणे कुणी ऐकले आहे का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर आपले मतही तोवर राखून ठेवा. सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत कुणाच्या वैरापायी न्यायापासून ढळू नका, अशी आज्ञा आहे. हे अल्लाह, आम्हाला रागातही न्यायी ठेव, आमच्या जिभा भावाच्या अब्रूपासून आवर, आणि परमुलखात एकाकी निजलेल्या तुझ्या सेवकांवर कृपा कर. आमीन.